हवेची बंदूक : खेळणे, शस्त्र आणि साधन

जत्रेच्या मैदानात फुग्यांचा फळा उभारून बसलेला दुकानदार आणि त्याच्या हातातील जुनी छर्र्याची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तो बंदुकीची नळी मधोमध मोडतो, तीत शिशाचा एक बारीक छर्रा घालतो, नळी पूर्ववत करतो आणि बंदूक गिऱ्हाइकाच्या हाती देतो. चाप ओढला की फट् असा आवाज होतो. फुगा फुटला तर पोरे टाळ्या पिटतात आणि नाही फुटला तर दुकानदार हसतो. दारू नाही, धूर नाही, काडतूस नाही. यामुळेच हवेची बंदूक म्हणजे पोरांचे खेळणे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु याच वस्तूच्या पूर्वजांनी एके काळी एका सम्राटाच्या सैन्यात चाकरी केली होती, राजेरजवाड्यांसाठी सांबरे आणि रानडुकरे लोळवली होती आणि एका खंडाच्या आरपार गेलेल्या मोहिमेची सोबत केली होती, असे सांगितले तर ते सहजी खरे वाटणार नाही.

हवेची बंदूक घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे आजही एक जुनाच प्रश्न उभा राहतो. डबे, बाटल्यांची बुचे आणि फुगे टिपून करमणूक करायची, की लहानसहान शिकार साधायची? आणि हाताने पंप मारून हवा भरायची असेल, तर एका बारासाठी किती कष्ट उपसायचे? दुकानातील विक्रेता या प्रश्नाचे उत्तर नळीचा व्यास आणि छर्र्याचा वेग यांच्या आकड्यांत देईल. इतिहासात डोकावले तर हेच उत्तर अधिक विस्ताराने आणि अधिक विचार करायला लावील अशा रीतीने मिळते.

हवेच्या जोराने वस्तू फेकण्याची युक्ती माणसाला दारूगोळ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. अरण्यवासी लोकांची फुंकनळी हे तिचे सर्वांत साधे रूप होय. छातीच्या भात्यातील हवा, एक पोकळ वेळू आणि एक बारीक बाण, एवढ्या सामग्रीवर पाखरू खाली येते. छातीच्या जागी यंत्र आले की बंदूक झाली. हे यंत्र दोन प्रकारांनी बनवता येते. एका प्रकारात ताणलेली स्प्रिंग चापासरशी सुटते, पुढचा दट्ट्या ढकलते आणि त्या क्षणीच हवा दाबली जाऊन छर्रा बाहेर पडतो. जत्रेतली बंदूक या जातीची. दुसऱ्या प्रकारात हवा आधीच पंपाने दाबून एका कोठीत साठवून ठेवतात आणि झडप उघडून हवी तेव्हा सोडतात. हाताने पंप मारण्याचा प्रश्न या दुसऱ्या घराण्याचा आहे, आणि आपल्या आजच्या कथेचे नायकत्वही त्याच घराण्याकडे जाते.

सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील लिझ्यू गावचा कारागीर मारँ ल बुर्ज्वा याने राजा चौथा हेन्री याच्यासाठी हवेची बंदूक तयार केली होती. शतकाच्या मध्यास जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील ओटो फोन गेरिके आणि इंग्लंडातील रॉबर्ट बॉइल यांनी हवेच्या पंपावर आपले सुप्रसिद्ध प्रयोग केले. हवेचे आकारमान अर्धे केले की तिचा दाब दुप्पट होतो, हा बॉइलचा नियम १६६२ साली प्रसिद्ध झाला आणि आज तो शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असतो. बंदूक बनवणारे कारागीर अर्थात नियमाची वाट पाहत बसले नव्हते. तथापि हवा ही तोलता, मोजता आणि दाबता येणारी वस्तू आहे हा विचार त्या काळी युरोपात सर्वत्र पसरला आणि बंदुकांनाही त्याचा लाभ झाला.

अठराव्या शतकात जर्मन संस्थानिकांच्या दरबारी हवेच्या बंदुकीने शिकार करणे ही एक मोठी हौस होती. त्या बंदुका आजच्या पोरखेळाच्या नव्हेत. त्यांच्या नळ्या बोटभर रुंद असत आणि शिशाची गोळीही तशीच वजनदार असे. हेस-डार्मस्टाटचा लुडविग आठवा हा संस्थानिक अशा बंदुकीने सांबराची शिकार करण्याबद्दल प्रसिद्ध होता. दारूच्या बंदुकीने पहिला बार काढला की रान हादरते, धुराचा पडदा समोर येतो आणि पाऊस असेल तर बार मुळी उडतच नाही. हवेच्या बंदुकीत या तिन्ही अडचणी नाहीत. मात्र बंदूक भरण्याचे काम संस्थानिकाचे नसे. घामाघूम होऊन पंप मारण्यास नोकर असत, आणि हातपंपाच्या बंदुकीचे कौतुक ज्यांनी लिहून ठेवले त्यांतील बहुतेकांनी पंपाचा दांडा स्वतः हाती धरलेला नव्हता.

या बंदुकीला सैन्यात नेण्याचे धाडस ऑस्ट्रियाने केले. आल्प्सच्या टिरोल प्रांतातील बार्थोलोमेओ जिरार्दोनी या कारागिराची बंदूक १७८० च्या सुमारास सम्राट दुसरा जोसेफ याच्या सैन्यात दाखल झाली. तिची रचना आजही थक्क करणारी आहे. बंदुकीचा दस्ता लाकडाचा नसून लोखंडी पत्र्याची शंकूच्या आकाराची पोकळ कोठी होता आणि त्यावर कातडे चढवलेले असे. ती कोठी फिरवून काढता येई व भरलेली दुसरी बसवता येई. नळीच्या बाजूस एक अरुंद नलिका जोडलेली होती, तीत वीसच्या आसपास गोळ्या एकापाठोपाठ एक मावत. बंदुकीचे तोंड जरा वर करून एक आडवी पट्टी सरकवली की गोळी आपल्या वजनाने खाली येऊन नळीत बसे. चाप ओढला की झडप क्षणभर उघडे, एका बारापुरती हवा सुटे आणि झडप पुन्हा मिटे. बाकीची हवा पुढल्या गोळ्यांसाठी शिल्लक राहत असे.

याचा अर्थ काय होता हे समजण्यासाठी त्या काळचा सामान्य शिपाई डोळ्यांपुढे आणावा. चकमकीच्या बंदुकीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, कानात दारू टाकायची आणि मग नेम धरायचा. कसलेला शिपाईही मिनिटाला दोन-तीन बारांच्या पुढे जात नसे आणि तेही उभ्याने. जिरार्दोनीची बंदूक घेतलेला शिपाई झुडपाआड आडवा पडून तेवढ्याच वेळात वीस गोळ्या सोडू शके, आणि तो कोठे लपला आहे हे सांगणारा धूर निघत नसे. पाऊस पडो की दव पडो, तिचा बार ओला होत नसे.

मग हे अद्भुत शस्त्र सर्व जगाने उचलून का धरले नाही? याचे उत्तर पंपाच्या दांड्यात आहे. एक रिकामी कोठी पुरती भरण्यास हातपंपाचे सुमारे दीड हजार दाब लागत. मिनिटाला तीस दाब मारणारा दमदार शिपाई धरला, तरी पन्नास मिनिटे झाली. आणि शेवटच्या काही शेकड्यांत कोठीतील दाब वातावरणाच्या पन्नास पटींवर गेलेला असे, म्हणजे प्रत्येक दाबास सगळे अंग टाकावे लागे. यासाठी शिपायाजवळ भरलेल्या जादा कोठ्या देत आणि पलटणीबरोबर गाडीवर बसवलेले मोठे पंप ठेवीत. कोठी भरलेली असे तोवर तो शिपाई दहा जणांना भारी होता. ती रिकामी झाली आणि गाडी मागे राहिली की त्याच्या हातात केवळ एक लोखंडी सोटा उरे. शिवाय प्रत्येक बारागणिक कोठीतील दाब घटत असल्याने पहिल्या दहा गोळ्या जितक्या लांब मारा करीत तितका शेवटच्या दहा करीत नसत. नेम धरताना हा हिशेबही डोक्यात ठेवावा लागे. झडपेची कातडी वाळली की हवा गळे. बिघडलेली बंदूक गावच्या लोहाराकडून दुरुस्त होण्यासारखी नव्हती. हजाराहून अधिक नग बनले, तुर्कांविरुद्धच्या आणि फ्रेंचांविरुद्धच्या युद्धांत ते वापरलेही गेले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सैन्याने ही बंदूक मागे घेतली. युद्धात शस्त्राच्या गुणांइतकेच महत्त्व त्याच्या देखभालीस असते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

याच बंदुकीचा एक नग अटलांटिक ओलांडून गेला आणि तेथे त्याला अगदी निराळे काम मिळाले. १८०३ साली राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफर्सन याने मेरिवेदर लुइस या तरुण अधिकाऱ्यावर एक कामगिरी सोपवली. मिसुरी नदीच्या उगमापर्यंत जावे, डोंगर ओलांडून पॅसिफिक महासागर गाठावा आणि वाटेतील प्रदेशाची व लोकांची माहिती आणावी. विल्यम क्लार्क त्याचा सहकारी होता. या मोहिमेच्या सामानात दारूच्या बंदुकांबरोबर लुइसची स्वतःची हवेची बंदूकही होती. ती कोणत्या बनावटीची होती याबद्दल अभ्यासकांत पुष्कळ काळ वाद चालला. पुढे टॉमस रॉडनी या प्रवाशाच्या सप्टेंबर १८०३ मधील रोजनिशीकडे त्यांचे लक्ष गेले. लुइसने आपल्याला बंदूक चालवून दाखवली, ती नीट चालत असता मिनिटाला बावीस गोळ्या सोडते, गोळ्या बाजूच्या नळीत एकदम भरतात आणि हवा दस्त्यात साठवलेली असते, असे वर्णन त्याने करून ठेवले आहे. हे वर्णन जिरार्दोनीच्या धाटणीशी इतके तंतोतंत जुळते की बहुतेक अभ्यासक आता त्याच मताचे झाले आहेत.

मोहिमेचा आरंभ मात्र एका अपघाताने झाला. ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस पिट्सबर्गहून नाव सुटली आणि तीन मैलांवरच्या एका बेटावर थांबली. तेथील मंडळींनी आग्रह केला म्हणून लुइसने पंचावन्न यार्डांवर सात गोळ्या मारून दाखवल्या आणि मग बंदूक एका अनोळखी गृहस्थाच्या हाती दिली. त्याच्या हातून ती नकळत उडाली. चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या टोपीतून गोळी आरपार गेली व तिच्या कानशिलास चाटून निघाली. ती रक्तबंबाळ होऊन कोसळली आणि सर्वांना वाटले की ती गेली. मिनिटाभराने ती सावध झाली, जखम वरवरची निघाली. लुइसने हे सगळे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. आवाज व धूर कमी म्हणून जे हत्यार निरुपद्रवी भासते, त्याविषयी आजच्या खरेदीदारासही यापेक्षा स्पष्ट इशारा देता येणार नाही.

पुढील तीन वर्षांत लुइसने या बंदुकीचा उपयोग शिकारीपेक्षा प्रदर्शनासाठीच अधिक केला. ज्या ज्या टोळीशी भेट होई, तेथे झेंडे, पदके आणि भाषणे झाली की हवेची बंदूक बाहेर निघे. धूर नाही, ठासणे नाही, तरी गोळ्या एकापाठोपाठ एक झाडाच्या खोडात घुसत आहेत, हे पाहून लोक अचंबित होत. १८०५ च्या ऑगस्टमध्ये रॉकी पर्वतातील शोशोनी लोकांना ती इतकी अगम्य वाटली की त्यांनी तिला मोठ्या दैवी शक्तीची वस्तू ठरवले, अशी नोंद त्याने केली आहे. पाहणाऱ्यास हे कळण्याचा मार्ग नव्हता की अशी बंदूक साऱ्या तांड्यात एकच आहे, आणि ती भरण्यासाठी आदल्या दिवशी कोणा शिपायाने शेकडो वेळा पंप मारला आहे. तीस-चाळीस माणसांचा तांडा हजारोंच्या वस्तीतून सुखरूप निघून गेला, त्याला दुभाषे, वाटाडे, स्थानिक लोकांचा पाहुणचार आणि शोशोनी घोडे ही मुख्य कारणे होती. तथापि या बंदुकीने निर्माण केलेल्या धाकाचाही त्यात थोडा वाटा असला पाहिजे, असे मानण्यास जागा आहे. ज्यांनी कौतुकाने ते प्रदर्शन पाहिले, त्यांच्या नातवंडांच्या हातून ती भूमी निघून गेली, हेही येथे विसरता येत नाही.

तिचा शेवटचा मोठा प्रसंग ११ ऑगस्ट १८०६ चा. परतीच्या वाटेवर लुइस हरणाच्या शोधात झुडपांत शिरला असता त्याच्याच एका अंधुक दृष्टीच्या सोबत्याने त्याला हरिण समजून गोळी घातली. शत्रूचा हल्ला झाला अशा समजुतीने जखमी लुइस होडीत परतला आणि पिस्तूल, रायफल व हवेची बंदूक अशी तीन शस्त्रे जवळ घेऊन अखेरच्या झुंजीस सज्ज होऊन बसला. झुंज झाली नाही. पण स्वतःच्या प्राणांवर बेतले तेव्हा त्या माणसाने हवेची बंदूक जवळ घेतली, ही गोष्ट तिच्या योग्यतेचे प्रमाणपत्र म्हणून पुरेशी आहे.

आशियातही या विद्येला एक थोर उपासक लाभला. जपानमधील कुनितोमो गावचा तोबेई हा बंदुका घडवणारा लोहार. डच लोकांकडून आलेली हवेची एक बंदूक त्याच्या पाहण्यात आली, आणि १८१९ साली त्याने तिच्याहून सरस बंदूक स्वतः बनवली व तिच्यावर ग्रंथही लिहिला. हवेला वजन असते हे त्याला या कामातून उमगले. पुढे याच माणसाने आरशाची दुर्बीण घडवली आणि सूर्यावरील डागांची निरीक्षणे नोंदवली. शस्त्राच्या कारागिरीतून शास्त्राकडे जाण्याची अशी वाट इतिहासात थोड्यांनाच सापडली.

एकोणिसाव्या शतकात टोपीची बंदूक आली, मग धातूचे काडतूस आले आणि हवेच्या मोठ्या बंदुकांचे दिवस संपले. शतकाच्या अखेरीस ती पुन्हा जन्मली ती लहान होऊन. अमेरिकेत मिशिगन प्रांतातील प्लिमथ गावी पवनचक्क्या बनवणारा एक कारखाना होता. शेतकऱ्यांना भुरळ पडावी म्हणून १८८८ च्या सुमारास तो पवनचक्कीबरोबर स्प्रिंगची एक छोटी बंदूक भेट देऊ लागला. थोड्याच काळात पवनचक्की मागे पडली आणि बंदूकच मुख्य धंदा झाली. 'डेझी' या नावाने ती जगभर पोचली. हाताने पंप मारण्याचे घराणे वॉल्टर बेंजामिन याने जिवंत ठेवले. त्याच्या बंदुकीत नळीखाली पंपाचा दांडा असे व तो जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून दाबावा लागे. १९२३-२४ च्या सुमारास न्यूयॉर्क प्रांतातील रॉचेस्टर शहरी बियाण्यांच्या व्यापारातल्या क्रॉसमन घराण्याच्या नावाने दुसरी कंपनी उभी राहिली. पुढे बंदुकीचा पुढला हातच तरफेसारखा खाली ओढून परत मिटायचा, अशी सोय रूढ झाली. क्रॉसमनचा १९६६ साली निघालेला ७६० क्रमांकाचा नमुना या जातीत सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक आहे. अमेरिकेच्या खेड्यांतील असंख्य मुलांनी नेम धरायला शिकण्याचा श्रीगणेशा अशाच बंदुकीवर केला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या बंदुका आणि जिरार्दोनीची बंदूक यांत एक मोठा फरक आहे. जिरार्दोनीच्या कोठीत अनेक बारांची हवा एकदम साठे. या नव्या बंदुकीत एका बारास पुरेल इतकीच हवा भरतात, ती एका चापासरशी सगळी निघून जाते आणि पुढच्या बारासाठी पुन्हा पंप मारावा लागतो. बहुधा तीनपासून दहा दाबांपर्यंत मुभा असते. वरून पाहता ही गैरसोय आहे, पण तीतच या बंदुकीचा मोठा गुणही आहे. जोर किती हवा, हे ज्याचे त्याने प्रत्येक बारागणिक ठरवावयाचे असते. दहा-पंधरा पावलांवरचा डबा पाडायला तीन-चार दाब पुरतात. स्प्रिंगच्या बंदुकीला ही मुभा नाही. तिचा जोर कारखान्यातच ठरून येतो. शिवाय स्प्रिंग सुटताना बंदूक पुढेमागे हिसका देते आणि नवशिक्याचा नेम चुकवते. पंपाची बंदूक जवळपास स्थिर राहते.

मात्र दाब दुप्पट केले म्हणजे वेग दुप्पट झाला, असे समजू नये. छर्र्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून हवेची सगळी शक्ती छर्र्याला लाभली असे धरले, तरी वेग दुप्पट करण्यास चौपट शक्ती लागेल, आणि प्रत्यक्षात तर पुष्कळ हवा छर्रा निघून गेल्यावर वाया जाते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक तापते हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कष्टाचा काही भाग असाच उष्णतेत जातो. शेवटचे दोन दाब सर्वांत जड असतात आणि त्यांची मिळकत सर्वांत थोडी असते. ठरलेल्या संख्येपलीकडे पंप मारला तर अनेकदा आतील दाबापुढे झडप उघडण्यास घोड्याचा जोर अपुरा पडतो आणि बार दुबळा निघतो. अतिलोभाची शिक्षा यंत्रही देते ती अशी.

नळीच्या व्यासाची निवडही याच हिशेबात येते. दोन माप विशेष प्रचारात आहेत, साडेचार मिलिमीटर आणि साडेपाच मिलिमीटर. पहिल्याचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. सेकंदाला दोनशे मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा दहा जूल होते. तो सरळ जातो, स्वस्त पडतो आणि निशाणबाजीस उत्तम. दुसऱ्याचा छर्रा सुमारे नऊ दशांश ग्रॅमचा. तो थोडा हळू जातो, पण लक्ष्यावर अधिक भार टाकतो. म्हणून जेथे कायद्याने शिकारीस मोकळीक आहे तेथे ससा, खार किंवा धान्य नासवणारा उंदीर यांच्यासाठी शिकारी हेच माप पसंत करतात. करमणुकीसाठी बंदूक घेणाऱ्याने साडेचार मिलिमीटरची, हलकी आणि थोड्या दाबांत भरणारी बंदूक घ्यावी. शंभर बार काढावयाचे तर दहा दाबांच्या हिशेबाने हजार वेळा तरफ ओढावी लागेल, हे आधीच लक्षात घ्यावे. शिकारीसाठी घेणाऱ्याने पूर्ण दाबाची ताकद पाहावी. त्याहूनही अधिक त्याने आपला हात पाहावा. पंपाच्या बंदुकीत दुसरा बार चटकन मिळत नाही. पहिला चुकला किंवा अर्धवट लागला, तर पुन्हा आठ-दहा दाब मारीपर्यंत जखमी प्राणी झुडपात शिरून तडफडत मरतो. पंचवीस पावलांवर रुपयाएवढ्या ठिपक्यात दर वेळी गोळी बसत नसेल, तर त्या अंतरावरून सजीवावर बंदूक रोखण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा जुन्या शिकाऱ्यांचा दंडक आजही सोडता येण्यासारखा नाही.

भारतापुरते बोलायचे तर हा प्रश्न कायद्याने बराचसा निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पशुपक्ष्यांची शिकार बंद केली, आणि हवेची बंदूक त्याला अपवाद नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी वीस जूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, ही परवान्याची मर्यादा आखली आहे. तिच्यापलीकडील हवेच्या शस्त्रास परवाना लागतो. परवान्याची गरज नसलेली बंदूक शिकारीस मोकळी, असा सोयीचा अर्थ पुष्कळ लोक लावतात. तो चुकीचा आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली लोकांनी आपल्या हवेच्या बंदुका स्वेच्छेने शासनाकडे सुपूर्त कराव्यात, अशी मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या लोकांनी शेकडो बंदुका आणून दिल्या. रानातील पाखरांचा आवाज कमी होत चालला आहे, ही तिच्यामागची भावना होती. पोरखेळ म्हणून दुर्लक्षिलेले हत्यार एक रान मुके करू शकते, याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

आणि तरीही याच बंदुकीने या देशाला पाखरांचा सर्वांत मोठा मित्र मिळवून दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या एका लहान मुलाने हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमीची चिमणी दिसत नाही, मग ही कोण, असे त्याने मामांना विचारले. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी त्याला संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी त्याला चिमणीचे नाव सांगितले आणि कपाटांचे खण उघडून भारतातील पक्ष्यांचा संग्रह दाखवला. तो मुलगा म्हणजे डॉक्टर सलीम अली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्ताला त्यांनी त्या चिमणीच्या पतनाचेच नाव दिले. सर्वच मुलांना असे मामा आणि असे मिलर्ड भेटत नाहीत. बंदूक हाती दिल्यावर पडलेल्या पाखराविषयी प्रश्न विचारण्याची सवयही कोणी तरी लावावी लागते, एवढे मात्र त्या प्रसंगावरून दिसते.

निशाणबाजीच्या क्षेत्रात मात्र हवेच्या बंदुकीला आज जो मान आहे तो तिला पूर्वी कधीही नव्हता. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकपासून दहा मीटर अंतरावरील एअर रायफलची स्पर्धा खेळांत दाखल झाली. तेथील लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. २०१२ साली लंडनमध्ये हैदराबादच्या गगन नारंग यांनी कांस्यपदक आणले. मुंबईच्या अंजली भागवत यांनी त्यांच्याही आधी याच बंदुकीवर महाराष्ट्राचे नाव जगभर नेले होते. या स्पर्धांतील बंदुका काही काळ स्प्रिंगच्या होत्या. मग एकाच दाबात भरणाऱ्या आल्या. आणि आता नळीखाली दाबलेल्या हवेची कोठी बसवलेल्या असतात. एकदा भरलेली कोठी अनेक बारांस पुरते आणि झडप दर वेळी मोजकीच हवा सोडते. म्हणजे दोनशे वर्षांच्या फेऱ्यानंतर यंत्र पुन्हा जिरार्दोनीच्या कल्पनेशी येऊन ठेपले आहे. फरक इतकाच, की कोठी भरण्याचे काम आता बहुधा विजेच्या पंपाकडे किंवा मोठ्या नळकांड्याकडे गेले आहे आणि शिपायाची सुटका झाली आहे.

श्रोतेहो, हवेच्या बंदुकीची निवड करणाऱ्यास या सगळ्या हकिकतीतून दोन-तीन गोष्टी घेता येतील. ऑस्ट्रियाच्या सैन्याने बंदुकीची करामत पाहिली, पंपाच्या गाडीचा हिशेब नंतर केला. आपण तो आधी करावा. लुइसने ती अनोळखी हातात दिली आणि एका निरपराध स्त्रीच्या जिवावर बेतले. आपण तसे करू नये, आणि पंप मारलेली बंदूक रिकामी आहे असे कधीही समजू नये. आणि जेथे डबा, फुगा किंवा कागदाचा ठिपका पुरेसा आहे, तेथे तीन-चार दाबांवर थांबावे. खांद्यालाही बरे, आणि झाडावरच्या पाखरांनाही.